चिनी शिकून करायचे काय?

पुण्यातल्या एखाद्या महाविद्यालयाने चिनी भाषा, इतिहास आणि समाज यांच्या अभ्यासाचे केंद्र काढावे, असे मी गेली चार-पाच वर्षे जिथे संधी मिळेल तिथे बोलत आलो आहे. सकाळच्या फिरण्यातल्या मंडळींत, निवृत्त बँकवाल्यांच्या महिन्याच्या बैठकीत, एक-दोनदा साहित्यिक कार्यक्रमांच्या चहापानातही. उत्तरे साधारण तीन प्रकारची येतात. पहिले, हसू. "म्हणजे आता मंचुरियनवर पीएच.डी. का?" दुसरे, कपाळाला आठी. गलवानमध्ये १५ जून २०२० च्या रात्री आपले वीस जवान गेले आणि तुम्ही त्यांची भाषा शिकायला निघालात? तिसरे उत्तर अस्सल पुणेरी : "ते ठीक आहे हो, पण त्याचा उपयोग काय?"

आधी मंचुरियनचा हिशेब मिटवून टाकू. कोपऱ्यावरच्या गाडीवर मिळणाऱ्या त्या पदार्थाचा मंचुरियाशी काडीचाही संबंध नाही. तो सत्तरच्या दशकात मुंबईत जन्मला आणि त्याचे श्रेय नेल्सन वाँग या कोलकात्यात वाढलेल्या बल्लवाचार्यांना दिले जाते. तीच गोष्ट संक्रांतीच्या सुमारास पाखरांचे पंख आणि दुचाकीवाल्यांचे गळे कापणाऱ्या 'चायनीज' मांजाची. तो नायलॉनचा असतो आणि बराचसा आपल्याच देशात तयार होतो. नाव मात्र चीनचे! एकूण काय, आपल्या रोजच्या बोलण्यातला चीन हा बहुतांशी आपणच रांधलेला आणि आपणच कातलेला आहे. खरा चीन जवळपास दीड अब्ज माणसांचा आहे, आपल्या सीमेला सीमा लावून बसला आहे आणि त्याची एक ओळ वाचू शकेल असा माणूस आपल्या ओळखीत नाही. मला तरी हे हसण्यावारी नेण्यासारखे वाटत नाही.

गंमत अशी, की पुण्याला हा विषय नवा नाही. पुणे तो विसरले आहे, इतकेच. धर्मानंद कोसंबी हे नाव मराठी वाचकांना सांगायला नको. गोव्याहून निघून सिलोन, ब्रह्मदेश असा प्रवास करून आलेल्या या माणसाने १९१२ ते १९१८ या काळात फर्ग्युसन महाविद्यालयात पाली शिकवली. त्यांच्या विद्यार्थ्यांत पुरुषोत्तम विश्वनाथ बापट होते. बापट पुढे फर्ग्युसनमध्येच शिकवू लागले, हार्वर्डला जाऊन डॉक्टरेट करून आले, आणि त्यांचा प्रबंध १९३७ मध्ये पुण्यात छापला गेला. विषय होता विमुत्तिमग्ग आणि विसुद्धिमग्ग या दोन ग्रंथांची तुलना. आता पालीच्या प्राध्यापकाने दोन बौद्ध ग्रंथांची तुलना करावी यात विशेष ते काय, असे कोणी म्हणेल. विशेष हे, की विमुत्तिमग्गाची मूळ पाली संहिता हाताशी नव्हती. इसवी सनाच्या सहाव्या शतकाच्या आरंभी संघपाल नावाच्या भिक्षूने केलेला त्याचा चिनी अनुवाद तेवढा शिल्लक होता. म्हणजे घरातला दागिना हरवला, आणि दीड हजार वर्षांनी शेजाऱ्याच्या कपाटात त्याची हुबेहूब प्रतिकृती सापडली. ते कपाट उघडायचे तर शेजाऱ्याची भाषा यायला हवी. बापट ती शिकले.

त्यांच्याच बरोबरीचे वासुदेव विश्वनाथ गोखले. ते जर्मनीत शिकले आणि आर्यदेवाच्या नावावर असलेल्या 'अक्षरशतक' या छोट्या ग्रंथाचे चिनी व तिबेटी साधनांवरून केलेले त्यांचे काम १९३० मध्ये हायडेलबर्गला प्रसिद्ध झाले. तेही फर्ग्युसनचे प्राध्यापक झाले. राहुल सांकृत्यायनांनी तिबेटातल्या मठांतून ज्या पोथ्यांची छायाचित्रे आणली, त्यांतून अभिधर्मकोशाच्या कारिका संपादून १९४६ मध्ये त्यांनीच छापल्या. म्हणजे ज्या काळात पुण्यात चिनी माणूस सहसा पाहायला मिळत नव्हता, त्या काळात फर्ग्युसनच्या टेकडीखाली दोन मराठी प्राध्यापक शांतपणे चिनी ग्रंथ वाचत बसले होते. त्यांना कोणी उपयोग विचारला असेल का? विचारलाच असेल. पुणे आहे हे.

आणि मग झाले काय? दिल्ली विद्यापीठाने १९५७ मध्ये बौद्ध अध्ययनाचा विभाग काढला. पहिले प्रमुख म्हणून बापट तिकडे गेले, मागोमाग गोखलेही. १९६२ चे युद्ध झाले, आपण हरलो, आणि चीन आपल्याला मुळीच समजलेला नव्हता हे सरकारच्या लक्षात आले. १९६४ मध्ये दिल्ली विद्यापीठात चिनी अभ्यासाचे केंद्र निघाले, त्याला अमेरिकेच्या फोर्ड फाउंडेशनची मदत झाली. पुढे जवाहरलाल नेहरू विद्यापीठात चीन शिकवणाऱ्यांत आपले गो. पु. देशपांडे होते. 'उद्ध्वस्त धर्मशाळा' लिहिणारा नाटककार पोटापाण्यासाठी चीनचा प्राध्यापक होता, हे त्यांच्या नाटकांच्या कित्येक प्रेक्षकांना ठाऊक नसायचे. १९४७ मध्ये चिनी शिकायला पेकिंगला गेलेले वसंत परांजपे परराष्ट्र सेवेत गेले आणि नेहरू व चाऊ एन-लाय यांच्यामध्ये दुभाषी म्हणून बसले. अलीकडच्या काळात पाहा. २०१६-१७ मध्ये बीजिंगला राजदूत असलेले आणि नंतर परराष्ट्र सचिव झालेले विजय गोखले, त्यांच्यानंतर तिथे राजदूत म्हणून गेलेले गौतम बंबावाले, दोघांनाही चिनी अवगत, आणि निवृत्तीनंतर दोघांचेही वास्तव्य पुण्यात. गोखल्यांनी निवृत्तीनंतर चीनवर एकामागून एक पुस्तके लिहिली. ती इंग्रजीत आहेत.

माणसे आपली आणि संस्था दिल्लीची, असा हा प्रकार आहे. हिमालयाच्या मदतीला सह्याद्री धावला म्हणून आपण आजही छाती फुगवतो. १९६२ च्या नोव्हेंबरात यशवंतराव संरक्षणमंत्री झाले त्याचा अभिमान मलाही आहे. पण सह्याद्री धावला तो लढाई होऊन गेल्यावर. लढाईच्या आधी शेजारी काय लिहितो, काय छापतो, आपल्याविषयी आपल्या मुलांना काय शिकवतो हे वाचायला कोणी धावले नाही. आणि त्याच काळात, केवळ वंशाने चिनी म्हणून आपल्याच देशातल्या सुमारे तीन हजार माणसांना, त्यांत म्हाताऱ्या आणि लेकुरवाळ्याही होत्या, आपण राजस्थानातल्या देवळीच्या छावणीत नेऊन ठेवले. त्याबद्दल आपल्याकडे फारसे कोणी बोलत नाही. ज्याला आपण ओळखत नाही त्याची भीती फार लवकर वाटते, एवढेच मी त्यावर म्हणेन.

उपयोगाचे म्हणाल तर त्या प्रश्नाला मी बँकवाला म्हणून उत्तर देऊ शकतो. माझी नोकरीतली बरीच वर्षे परकीय चलनाच्या टेबलापाशी गेली. २००० नंतर माझ्या डोळ्यांदेखत आयातीच्या कागदांचा रंग बदलला. पूर्वी जर्मनी, जपान, तैवान. मग हळूहळू शेनझेन, निंगबो, ईवू. ही गावे नकाशात कुठे आहेत ते आमच्या शाखेत कोणाला माहीत नव्हते, पण त्यांची नावे आम्ही दिवसाला दहा-दहा वेळा टंकत होतो. बँकेचा नियम जगभर एकच : आमचा व्यवहार कागदांशी, मालाशी नाही. कागद वरवर पाहता नियमात बसला की पैसे सोडायचे. पण कागदाच्या खालच्या कोपऱ्यात एक लाल गोल शिक्का असे, मधोमध तारा, भोवती अक्षरे. ती अक्षरे काय म्हणतात हे साहेबापासून शिपायापर्यंत कोणालाच कळत नसे.

भोसरीचे एक लघुउद्योजक आमचे जुने ग्राहक होते. सालस गृहस्थ, स्वतः यंत्रावर उभे राहून मोठे झालेले. त्यांनी एका चिनी 'उत्पादकाशी' थेट बोलणी करून बेअरिंगची ऑर्डर दिली आणि तीस टक्के आगाऊ पाठवले, साडेअकरा लाखांच्या आसपास. माल आला तो गंजका आणि भलत्याच मापाचा. पत्रांना उत्तर येईना. वकिलाने विचारले, समोरच्या कंपनीचे नोंदलेले नाव काय? यांनी इंग्रजी नाव सांगितले. तेव्हा कळले, की चीनमध्ये कंपनीचे कायदेशीर नाव म्हणजे फक्त तिचे चिनी नाव. इंग्रजी नाव हे आपल्याकडे दुकानाच्या पाटीवर 'श्री गणेश प्रसन्न' लिहितात तितकेच. आणि खरी सही म्हणजे तो लाल शिक्का.

शिक्का वाचायचा कोणी? पुण्यात जर्मन वाचणारे शेकड्यांनी होते, फ्रेंच, रशियन वाचणारेही. शेवटी आमच्या शाखेतल्या एका सहकाऱ्याची मुलगी जपानी शिकत होती, तिला बोलावले. जपानीत चिनी अक्षरे वापरतात, त्यामुळे तिला अर्धी-मुर्धी लागली. बराच वेळ ती शिक्क्याकडे पाहत राहिली आणि म्हणाली, "काका, इंग्रजीत मॅन्युफॅक्चरिंग लिहिलंय ना? इथे ते नाहीये. इथे 'व्यापार' असं लिहिलंय." म्हणजे कारखाना नव्हताच. कुठून तरी माल उचलून पुढे ढकलणारे दुकान होते. ते गृहस्थ खुर्चीत मागे रेलले आणि मला म्हणाले, "साहेब, हे सहा महिन्यांपूर्वी कोणी वाचून दाखवलं असतं, तर त्याला मी वर्षाचा पगार दिला असता हो." पैसे परत आले नाहीत. त्यांनी पुढच्या वर्षी दोन कामगार कमी केले, ते मला माहीत आहे, कारण त्यांच्या पगाराची खाती आमच्याकडेच होती.

ही काही एकट्या भोसरीची कथा नाही. आज रांजणगावला हायरचा कारखाना आहे, चाकणला सॅनीचा. तळेगावच्या जनरल मोटर्सच्या कारखान्यासाठी ग्रेट वॉल मोटर्स या चिनी कंपनीशी आपल्या राज्य सरकारने ३,७७० कोटी रुपयांच्या गुंतवणुकीचा सामंजस्य करार केला, तो दिवस कोणता होता ठाऊक आहे? १५ जून २०२०. दिवसा मुंबईत करार आणि त्याच रात्री गलवान. आठवड्याभरात करार स्थगित झाला, आणि पुढे तो कारखाना ह्युंदाईने घेतला. करार करणे बरोबर होते की स्थगित करणे, यावर दोन मते असू शकतात. पण दोन्ही निर्णय घेताना आपल्या राज्यात त्या देशाची वर्तमानपत्रे मुळातून वाचून सल्ला देणारी एखादी जागा असायला हवी होती, यावर तरी दुमत नसावे. शत्रू म्हणा, गिऱ्हाईक म्हणा, पुरवठादार म्हणा, त्याचे म्हणणे तिसऱ्याकडून ऐकून कोणाचा धंदा चालला आहे? खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीत छात्रांना परकीय भाषांत चिनीचाही पर्याय असतो. लष्कराला कळते ते आपल्या नागरी संस्थांना का कळू नये? उलट २०१९ च्या शैक्षणिक धोरणाच्या मसुद्यात शाळांत शिकवायच्या परकीय भाषांच्या यादीत चिनी होती, आणि २०२० च्या जुलैत अंतिम धोरण आले तेव्हा ती गळली होती. कोरियन आली, थाई आली, चिनी गेली. रागावून शेजाऱ्याच्या बाजूची खिडकी बंद करण्यासारखेच हे झाले.

आता थोडे मागचे सांगतो, कारण चीनचे आणि आपले नाते फक्त युद्धाचे आणि बेअरिंगचे नाही. पुण्यात बंड गार्डनला आपण सगळे गेलेलो आहोत. तो बंधारा एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला बांधला गेला, आणि त्याच्या खर्चाचा मोठा वाटा सर जमशेटजी जिजीभाई यांनी उचलला. जमशेटजींची दानत वादातीत होती. जे. जे. रुग्णालय, जे. जे. स्कूल ऑफ आर्ट ही त्याचीच फळे. पण त्यांची संपत्ती आली कुठून? चीनशी केलेल्या व्यापारातून, कापूस आणि अफू यांतून. अफू कुठली? माळव्याची. आणि माळव्यात तेव्हा राज्य कोणाचे? शिंदे-होळकरांचे. म्हणजे मराठी संस्थानांच्या शेतात पिकलेली अफू मुंबईच्या बंदरातून कँटनला गेली, तिथली घरे धुपली, १८३९ ते १८४२ चे अफूयुद्ध झाले, आणि त्या पैशातला एक ओहोळ पुण्याच्या नदीवर बंधारा होऊन थांबला. चिनी मुलांच्या शाळेत अफूयुद्धापासून त्यांच्या राष्ट्रीय अपमानाचा इतिहास सुरू होतो. त्या धड्यात आपलीही एक ओळ आहे, हे आपल्याला कोणी शिकवलेले नाही.

आणखी एक. महाबळेश्वरला इंग्रजांनी १८३४ च्या सुमारास एक तुरुंग काढला होता. त्यात चिनी आणि मलायी कैदी ठेवत. पूर्वेकडच्या इंग्रजी वसाहतींतून त्यांना एवढ्या लांब आणलेले. ही माणसे उत्तम माळी निघाली. बटाटा आणि इतर विलायती भाज्या त्यांनी तिथे चांगल्या पिकवून दाखवल्या. १८६४ मध्ये तुरुंग बंद झाला. तिथला 'चायनामन' धबधबा हे नाव त्यांच्या मळ्यांची आठवण आहे. मधुचंद्राला गेलेली जोडपी त्या धबधब्यापाशी उभी राहून छायाचित्रे काढतात, मीही काढली आहेत, आणि तो चायनामन कोण हे कोणी विचारत नाही.

सोलापूरच्या डॉ. द्वारकानाथ कोटणीसांची गोष्ट मात्र सगळ्यांना माहीत असते. १९३८ मध्ये ते भारतीय वैद्यकीय पथकातून चीनला गेले. त्याच पथकात नागपूरचे डॉ. चोळकरही होते, ते आपण विसरलो. शांतारामबापूंनी कोटणीसांवर १९४६ मध्ये चित्रपट केला. पण त्या गोष्टीतला एक तपशील मला नेहमी महत्त्वाचा वाटतो. कोटणीस चिनी शिकले, इतके की तिथल्या विद्यार्थ्यांना वैद्यक शिकवू शकले. १९४१ मध्ये ग्वो छिंगलान यांच्याशी त्यांचा विवाह झाला, मुलाचे नाव दोन्ही देशांवरून यिनहुआ ठेवले, आणि ९ डिसेंबर १९४२ ला ते तिथेच गेले, वयाच्या बत्तिसाव्या वर्षी. चीनमध्ये त्यांचे पुतळे आहेत ते केवळ शस्त्रक्रियांसाठी नव्हेत. तसे डॉक्टर आणखीही होते.

"आधी मराठी वाचवा, मग चिनीचे पाहू," असेही मला ऐकवले जाते, विशेषतः लेखक मित्रांकडून. या मित्रांशी माझे भांडण आहे. मी कादंबऱ्या लिहितो, आणि चिनी कादंबऱ्या इंग्रजीतून वाचतो. लू शून हा मला आपला वाटतो, कदाचित त्यानेही शिक्षण खात्यात बरीच वर्षे कारकुनी करत लिहिले म्हणून असेल. पण इंग्रजीतून वाचताना काही तरी सतत निसटत असते. ते काय, हे मला फार उशिरा उमगले. चिनीत वडिलांच्या थोरल्या भावाला एक शब्द, धाकट्याला दुसरा, आईच्या भावाला तिसरा. वडिलांची बहीण वेगळी, आईची बहीण वेगळी. थेट आपल्यासारखे. इंग्रजी या सगळ्यांना दोन शब्दांत गुंडाळते. २०१२ चे नोबेल मिळालेल्या मो यान यांच्या 'बेडूक' या अर्थाच्या नावाच्या कादंबरीत एक सुईण आहे. सरकारच्या एक-मूल धोरणासाठी ती गावातल्या बायांचे गर्भपात करत सुटते. ती निवेदकाची आत्या आहे. आत्या म्हटल्याबरोबर मराठी वाचकाला जे दिसेल ते आंट म्हटल्यावर लंडनच्या वाचकाला दिसणे शक्य नाही. बारशाला नाव ठेवणारी आत्या, आणि तिच्याच हातून हे! चिनीतून थेट मराठीत भाषांतर झाले तर ते इंग्रजीपेक्षा चांगले होईल, अशी जागा जगातल्या फार थोड्या साहित्यांत असेल. मराठी वाचवायची म्हणजे काय तिला फक्त फलकांवर मोठ्या अक्षरात लिहायची? तिच्यात काही आणायचेही असते.

याच शहराने जपानी शिकून दाखवली आहे. सत्तरच्या दशकात जपानीचे वर्ग सुरू झाले तेव्हाही लोक हसलेच असतील. आज रानडे इन्स्टिट्यूटमधून आणि खासगी वर्गांतून शिकलेली मुले त्या भाषेवर संसार चालवतात. सिंहगड रस्त्यावर ओकायामाच्या धर्तीची बाग आहे, तिला पु. लं.चे नाव आहे. चीनला बाग द्या असे मी म्हणत नाही. वर्ग द्या.

राहिला पैशाचा प्रश्न, आणि इथे मी सावध आहे. ऑक्सफर्ड विद्यापीठाने आपले चीन केंद्र सेंट ह्यूज महाविद्यालयाच्या आवारात थाटले. २०१४ मध्ये तिथल्या नव्या इमारतीचे उद्घाटन झाले. इमारतीला हाँगकाँगचे उद्योगपती डिक्सन पून यांचे नाव आहे, कारण त्यांनी एक कोटी पौंड दिले. इमारत देखणी आहे म्हणतात. दुसरा मार्ग कन्फ्युशियस इन्स्टिट्यूटचा. २००४ पासून चीन सरकारने जगभरच्या विद्यापीठांत ही केंद्रे उघडली. शिक्षक त्यांचे, पुस्तके त्यांची, बराचसा पैसाही त्यांचा. मुंबई विद्यापीठातही असे केंद्र २०१३ मध्ये आले. पण तिबेट, तैवान, तिआनआनमेन हे शब्द वर्गात उच्चारायचे की नाही, हे मग कोण ठरवणार? शिकागो विद्यापीठाने आणि स्टॉकहोम विद्यापीठाने २०१४ मध्ये या भागीदारीतून बाहेर पडायचे ठरवले. आपल्या सरकारने २०२० मध्ये इथल्या अशा केंद्रांची फेरतपासणी सुरू केली. ती योग्यच होती. ज्याचा अभ्यास करायचा त्याच्याच खिशातून अभ्यासकाचा पगार निघाला, तर तो अभ्यास उरत नाही. कर्जदाराने स्वतःच्या प्रकल्पाचा मूल्यांकन अहवाल स्वतःच लिहून आणावा, तसे ते होते. असे अहवाल मी आयुष्यात पुष्कळ पाहिले आहेत. त्यांत प्रत्येक प्रकल्प नफ्यातच असतो.

तेव्हा पैसा इथला हवा, आणि तो मुद्दल म्हणून हवा. माझा हिशेब साधा आहे. तीन पूर्णवेळ शिक्षक, एक ग्रंथपाल, पुस्तके-नियतकालिके, दरवर्षी दोन विद्यार्थ्यांना तैवान किंवा सिंगापूरला पाठवायचा खर्च, असे सगळे धरून वर्षाला साठ लाख. पावणेसात टक्के व्याज धरले तर नऊ कोटींचे मुद्दल पुरते. पण महागाई मुद्दल खात जाते, म्हणून थोडे व्याज दरवर्षी परत आत टाकायचे, तर बारा कोटी. पुण्यातल्या बऱ्या वस्तीतल्या दहा-बारा फ्लॅटची ही किंमत झाली. चाकण-रांजणगाव-भोसरीच्या पट्ट्यात चीनशी व्यवहार करणारे जे कारखानदार आहेत, त्यांच्यातल्या पन्नास जणांनी मनावर घेतले तर एका वर्षात जमेल. इमारत नको. इमारतीवर पैसे गेले की शिक्षक कंत्राटी येतात, हे आपण सगळीकडे पाहतोच आहोत.

आणि हे महाविद्यालयातच का, विद्यापीठात का नाही? कारण विद्यापीठातले केंद्र एम.ए.ला आलेल्या विद्यार्थ्यांसाठी असते. तोवर मूल बावीस वर्षांचे झालेले असते, आणि अडीच-तीन हजार अक्षरे हातात बसवण्याचे ते वय नव्हे. अठराव्या वर्षी, अर्थशास्त्र किंवा इतिहास शिकता शिकता, रोज सकाळी एक तास, असे सलग तीन वर्षे झाले पाहिजे. संध्याकाळी तोच वर्ग बाहेरच्यांसाठी उघडा ठेवावा. त्यात भोसरीचे कारखानदार बसतील, बँकेतल्या परकीय चलन विभागातली पोरे बसतील, एखादा निवृत्त माणूसही बसेल. फर्ग्युसनने हे करावे असे मला वाटते, कारण त्यांच्या घरातलेच आहे. त्यांनी नाही केले तर दुसऱ्या कोणी करावे. मी कोणत्याही महाविद्यालयाचा माजी विद्यार्थी म्हणून हे लिहीत नाही.

पहिल्या वर्षी दहा मुले आली तर तीन टिकतील, याची मला कल्पना आहे. बापटांनी समन्तपासादिकेच्या चिनी रूपांतराचे इंग्रजी भाषांतर, आकिरा हिराकावा या जपानी पंडिताबरोबर केलेले, भांडारकर संस्थेतून १९७० मध्ये प्रसिद्ध केले, तेव्हा त्यांनी पंचाहत्तरी ओलांडली होती. विमुत्तिमग्गावरच्या त्या पुस्तकाला तेव्हा तेहेतीस वर्षे झाली होती. या कामाची गती अशीच असते, आणि दरवर्षी निकालाची टक्केवारी मागणाऱ्यांनी यात पडू नये.

तिसऱ्या वर्षाला जी तीन मुले उरतील, त्यांना पहिला उतारा कोणता द्यायचा तेही मी ठरवून ठेवले आहे. इसवी सन ६४१ च्या सुमारास ह्युएनत्संग महाराष्ट्रात आला होता. पुलकेशीचे राज्य होते. इथली माणसे अभिमानी आहेत, उपकार विसरत नाहीत, अपमानही विसरत नाहीत, सूड घ्यायचा तर शत्रूला आधी कळवून घेतात, विद्येची त्यांना आवड आहे, असे त्याने लिहून ठेवले. लढाईआधी हत्तींना मद्य पाजतात, हेही लिहिले. आपल्या शाळेच्या पुस्तकात ते आले, पण मूळ चिनीवरून एकोणिसाव्या शतकात फ्रेंचांनी आणि इंग्रजांनी भाषांतरे केली, आणि त्यांच्या इंग्रजीवरून ते माझ्या वाट्याला मराठीत आले. मूळ पान लहानसे आहे. एका तासात वाचून होईल, फार तर दोन. उपकार विसरत नाहीत असे म्हणताना त्याने नेमके कोणते अक्षर वापरले आहे, ते मला त्या मुलांपैकी कोणाकडून तरी समजून घ्यायचे आहे.